वही गोकाकहून आली

वही गोकाकहून आली
ती रोगणाचा वास घेऊन.
मागच्या खेपेला निपाणीहून आली
तेव्हा तंबाखू होती पानापानात, आणि शिंकत शिंकत
मी जुबेदानं काढलेला विड्यांचा कट्टा मोजला होता.
पंचवीस. एकही कमी नाही.

पिशवी माझीच.
ब्लाउजच्या उरलेल्या कापडांची,
वडगावातल्या माझ्या मशीनवर शिवलेली.
तिला आता एक बटण जास्त आहे
आणि बंदाला कुणीतरी गाठ मारलीय
जी मी मारत नाही.

पाच जणांची वही. पंधरा दिवस एकाकडे.
आपलं एक पान काढायचं,
दुसऱ्याच्या आवडलेल्या पानावर, कोपऱ्यात, एक ओळ.
एवढाच नियम, आणि तोही खानापूरचे पाटणेकर सर पाळत नाहीत.
दोन ओळी लिहितात, वर सही, खाली तारीख;
ड्रॉइंगचा तास सुटून अकरा वर्षं झाली,
तपासायचा हात सुटलेला नाही.
जुबेदाच्या कट्ट्याखाली त्यांनी लिहिलंय:
‘छाया डावीकडे हवी होती.
पण राहू दे.’
त्या ‘राहू दे’वर जुबेदा महिनाभर खूष.

मी कात्री काढली होती.
आईची, एका कडीला चिंधी गुंडाळलेली,
नाहीतर अंगठ्याला घट्टा पडतो.
सहा वेळा खोडली. कागद तिथं पातळ झालाय,
उजेडात धरला की कळतं.

त्या पातळ जागेच्या बाजूलाच
इराप्पा बडिगेरांनी एक ओळ लिहिली.
कन्नडात.

बोललेलं मला कळतं. बाजारात भांडतेसुद्धा.
पण शाळा माझी मराठी,
बस मी अजून आकड्यावर ओळखते.
लोक म्हणतात जिलेबी.
मला दिसला बॉबिनमधून सुटलेला दोरा:
सुटलेला, पण गुंता न झालेला.

चार दिवस कुणाकडून वाचून घेतली नाही.
वाईट असलं तर?
की नुसतंच ‘छान’ असलं तर?
काजं करता करता बघायची, हुक लावता लावता बघायची,
शेवटी एका जुन्या अस्तरावर निळ्या दोऱ्यानं
जशी दिसली तशी उतरवली,
वळणासकट, वरच्या शेंडीसकट.

पाचव्या दिवशी समोरची भुवना आली
आईचा ब्लाउज न्यायला. नववीत, कन्नड मीडियम.
तिनं अस्तर उचललं आणि सरळ वाचलं, मोठ्यानं:
‘कत्री नोडी कै हिंदक्क तगोंडे.’
मग म्हणाली, आंटी, तुम्हाला लिहायला कधी आलं?

कात्री बघून हात मागं घेतला.

त्या रात्री मी दोनदा उठले,
खऱ्या कात्रीची धार अंगठ्यानं बघितली.
तिला लावून आणायला झालीय.
चित्रातली बरी आहे.

आता त्यांच्या पानावर मी काय लिहू?
इराप्पांनी काढलाय केळ्यांचा फणा, लाकडी.
दोन केळी पिवळी, तिसरं नुसतं लाकूड,
रेषा अन् गाठ दिसते तसं.
जन्मभर फळं रंगवलेला माणूस
एवढ्याच जागी ब्रश उचलून थांबलाय.
‘सुंदर’ लिहिलं, पुसलं. ‘अप्रतिम’ तर
लग्नाच्या आल्बमवर असतं.
तुकड्यांचा डबा पालथा केला.
हळद आणि लिंबू यांच्या मधला एक पिवळा
शहापूरच्या कुठल्याशा साडीचा मिळाला, बोटाएवढा.
तिसऱ्या केळ्यावर धरून बघितला,
आणि तिथं न लावता
कोपऱ्यात टाचला. त्यांचं ते बघतील.
वही फिरून तिकडं पोचायला दोन महिने आहेत,
तोवर सर त्याच्याखाली काय लिहितील कोण जाणे.

खानापूरच्या गाडीच्या कंडक्टरनं पिशवी दाबून बघितली.
‘आत काय हाय?’
कात्री, म्हटलं. विड्या. केळी.
‘केळी पिकल्यात? सीटला डाग पडंल.’
दोन पिकल्यात, म्हटलं,
एक अजून कच्चं हाय.